टाकीचे घाव आणि अंतराळातील एक मुलगा

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने वसतिगृहाच्या फळ्यावर कधी ना कधी सुविचार म्हणून लिहिलेली आहे. अक्षर वळणदार यावे म्हणून आम्ही ती दोन-दोनदा पुसून लिहीत असू. तिच्या अर्थाचा विचार मात्र त्या वयात क्वचितच केला. आज वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, या स्मरणिकेच्या निमित्ताने, त्या म्हणीचा आम्हांला पुन्हा एकदा विचार करावासा वाटतो. आणि त्याला कारण ठरला आहे, तो ह्याच वसतिगृहाच्या सभागृहात पाहिलेला एक चित्रपट.

तो चित्रपट होता ‘स्टार वॉर्स’. भाड्याने आणलेला व्हीसीआर, एकच दूरचित्रवाणी संच आणि सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली आम्ही मुले. इंग्रजी संवाद आमच्यापैकी फारच थोड्यांना कळत होते. विज्ञानाचे सर मधूनमधून उठून चार वाक्यांत गोष्ट पुढे सांगत आणि पुन्हा खाली बसत. अंतराळयाने, प्रकाशाच्या तलवारी, काळा मुखवटा घातलेला तो भयंकर खलनायक, हे सारे त्या रात्री आमच्या स्वप्नांत आले. परंतु आज आठवतो तो त्या कथेतला नायक, ल्यूक स्कायवॉकर. वाळवंटी ग्रहावर, काका-काकूंच्या शेतावर राबणारा, आईबापांविना वाढलेला मुलगा. दूरच्या प्रशिक्षणशाळेत जाण्याची त्याची तीव्र इच्छा आणि ‘यंदाचा हंगाम संपू दे, मग पाहू’ असे म्हणणारे काका. हा प्रसंग समजण्यासाठी आमच्यापैकी कोणालाही इंग्रजी यावे लागले नाही.

गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या एका बैठकीत, शाळेला काय भेट द्यावी, याची चर्चा चालली होती. कोणी सुचविले, मुलांच्या स्नानासाठी गरम पाण्याची सोय करावी. कोणी म्हणाले, अभ्यासिकेत पुरेसे दिवे व बाके द्यावीत. त्यावर एक ज्येष्ठ बंधू कळकळीने म्हणाले, “आपण थंड पाण्याने अंघोळ केली, पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास केला, म्हणून तर इथवर आलो. मुलांना सगळे आयते दिले तर ती घडणार कशी?” सभागृहात माना डोलल्या. आम्हीही गप्प राहिलो. त्या बंधूंच्या हेतूविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु त्या दिवशी आपण काही बोललो नाही, याची रुखरुख मात्र राहिली. हा लेख म्हणजे त्या बैठकीत न दिलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: संकटातून माणूस घडतो, हे अर्धसत्य आहे. संकटातून माणूस मोडतोही, आणि कित्येकदा क्रूरही होतो. तो घडावयाचा असेल तर संकटाच्या जोडीला आणखी काही असावे लागते. ते काय, हे आम्हांला त्या अंतराळकथेने जितक्या स्पष्टपणे दाखविले, तितके दुसऱ्या कशाने क्वचितच दाखविले असेल.

जॉर्ज लुकास यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ हा दुसरा भाग १९८० साली आणि ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ हा तिसरा १९८३ साली आला. तिन्ही भाग सलग पाहिले म्हणजे ल्यूकची वाढ कशी होते, हे नीट ध्यानात येते. पहिल्या भागात तो वीर नाही. वृद्ध योद्धा ओबी-वान त्याला आपल्याबरोबर चलण्यास सांगतो, तेव्हा तो चक्क नकार देतो. घरी काम आहे, असे सांगतो. घरी परततो तो घर जळालेले आणि काका-काकू मारले गेलेले. येथे पहिली गोष्ट लक्षात घ्यावी: संकट त्याने मागितलेले नव्हते, आणि त्याला शहाणा करण्यासाठी कोणी मुद्दाम योजलेलेही नव्हते. ते आले. त्या दुःखात त्याच्या पाठीशी एक वडीलधारा माणूस होता, म्हणून ते दुःख त्याला गिळू शकले नाही.

दुसऱ्या भागात हा मुलगा योडा नावाच्या गुरूच्या शोधात एका दलदलीच्या ग्रहावर जातो. त्याला भेटतो तो एक बुटका, म्हातारा, विचित्र बोलणारा जीव. ल्यूक त्याला ओळखत नाही. त्याच्यावर वैतागतो, घाई करतो. महान गुरू म्हणजे कोणी धिप्पाड योद्धा असणार, अशी त्याची समजूत. पुढे शिक्षण सुरू होते. गुरूला पाठीवर घेऊन धावणे, वेलींवर चढणे, हातांवर उभे राहून तोल सांभाळणे. ही मेहनत साधी नाही. एकदा गुरू त्याला एका अंधाऱ्या गुहेपाशी आणतो आणि शस्त्र बाहेर ठेवून जा, असे सुचवितो. ल्यूक ऐकत नाही. गुहेत त्याला शत्रू, डार्थ व्हेडर, समोर दिसतो. तो त्याचे शिर उडवितो. मुखवटा फुटतो, आणि आतून त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो.

लहानपणी हे दृश्य आम्हांला कळले नव्हते. आज वाटते, सबंध कथेचे मर्म ह्या एका दृश्यात आहे. ज्याच्यावर आघात झाला आहे, तो आघात करणाऱ्यासारखाच होण्याचा धोका असतो. ज्याचा अपमान झाला, तो पुढे संधी मिळताच दुसऱ्याचा अपमान करतो. ज्याने मार खाल्ला, तो म्हणतो, ‘आम्ही खाल्ला, आता तुम्ही खा.’ दुःख सोसल्याने माणूस आपोआप कोमल होत नाही. आपल्या आत तो मुखवटा घातलेला कोणी उभा आहे की काय, हे प्रत्येक सोसलेल्या माणसाने एकदा गुहेत उतरून पाहावे लागते.

याचा पुरावा त्याच कथेत आहे, आणि तो फार बोलका आहे. डार्थ व्हेडर म्हणजे मूळचा ॲनाकिन, ल्यूकचा जन्मदाता. १९९९ ते २००५ या काळात आलेल्या तीन चित्रपटांत त्याची पूर्वकथा येते. तो त्याच वाळवंटी ग्रहावर गुलाम म्हणून वाढला. लहान वयात त्याला आईपासून दूर व्हावे लागले. पुढे तिने त्याच्या हातांत प्राण सोडला. आपत्तीच वीर घडविते, असे मानले, तर ॲनाकिन ल्यूकहून मोठा वीर व्हावयास हवा होता. कारण त्याने अधिक सोसले होते. प्रत्यक्षात काय झाले? आईच्या मृत्यूनंतर त्याने ती वस्तीच्या वस्ती, बायकामुलांसह, कापून काढली. पुढे पत्नीही गमवावी लागेल, या भयाने तो जुलमी सत्तेचा हस्तक झाला. बाप आणि मुलगा, दोघांनी आपली माणसे गमावली. दोघांचा एक-एक हात लढाईत तुटला. एकाच घराण्यातील या दोघांचे मार्ग मात्र भिन्न झाले.

हा फरक कशामुळे पडला? आमच्या मते त्याचे पहिले कारण, ल्यूकला चुकण्याची मुभा होती. गुरूचा सल्ला डावलून, शिक्षण अर्धवट टाकून, तो मित्रांना सोडविण्यासाठी धावतो आणि सपशेल हरतो. हात गमावतो, आणि आपला सर्वांत मोठा शत्रू हाच आपला बाप आहे, हे त्याला कळते. मित्रांना तो सोडवूही शकत नाही. उलट तुटलेल्या अवस्थेत तो अधांतरी लोंबकळत असताना तेच मित्र यान वळवून त्याला वाचवावयास येतात. दुसरा भाग संपतो तेव्हा नायक हरलेला असतो, त्याचा मित्र शत्रूच्या ताब्यात असतो, आणि तो रुग्णयानाच्या खिडकीशी नव्या, यांत्रिक हातासह उभा असतो. परंतु त्याच्या शेजारी लेया उभी असते. हरलेल्या मुलाशेजारी कोणीतरी उभे असणे, ही गोष्ट आम्हांला त्याच्या साऱ्या पराक्रमाहून मोठी वाटते.

या लेयाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पहिल्या भागात तिचा सबंध ग्रह तिच्या डोळ्यांदेखत नष्ट केला जातो. आईवडील, घर, लोक, सर्व काही. पुढे ओबी-वान मारला जातो आणि ल्यूक सुन्न होऊन बसतो, तेव्हा त्याच्या खांद्यांवर पांघरूण घालते ती हीच मुलगी. जिचे जग गेले, ती गुरू गमावलेल्याचे सांत्वन करते. तिच्या दुःखाला मात्र चित्रपटात फारशी जागा नाही. आपल्या घराघरांत अशा लेया आहेत. आपल्या शिक्षणासाठी ज्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, त्या आया आणि बहिणी सत्कारसमारंभात सहसा मागच्या रांगेत बसलेल्या असतात.

तिसऱ्या भागाच्या शेवटी ल्यूक व बाप पुन्हा समोरासमोर येतात. सम्राट ल्यूकला डिवचतो. बहिणीचे नाव निघताच ल्यूकचा संयम सुटतो. तो बापावर तुटून पडतो आणि त्याचा हात छाटतो. तुटलेल्या हातातून तारा लोंबताना दिसतात. ल्यूक स्वतःच्या यांत्रिक हाताकडे पाहतो. गुहेत दिसलेला चेहरा त्याला आठवला असावा, असे आम्हांला वाटते. तो आपली तलवार फेकून देतो. सर्व चित्रपटांतील त्याचा सर्वांत मोठा पराक्रम हा आहे: मारू शकत असताना न मारणे. आणि त्या एका कृतीनेच बापातील मेलेला माणूस जागा होतो. येथवर तो पोहोचला तो केवळ सोसल्यामुळे नव्हे. आपल्या सोसण्याचे आपण काय करावयाचे, हे तो शिकला, म्हणून.

लुकास यांनी ही कथा रचताना जोसेफ कॅम्पबेल यांच्या ‘द हीरो विथ अ थाउजंड फेसेस’ या १९४९ सालच्या ग्रंथाचा आधार घेतला होता, हे सर्वज्ञात आहे. जगभरच्या वीरकथांचा एक समान आराखडा कॅम्पबेल यांनी मांडला, आणि त्यासाठी घेतलेल्या उदाहरणांत सिद्धार्थ गौतमाचे गृहत्याग व बोधिवृक्षाखालील मारविजय हेही आहेत. तेव्हा या अंतराळकथेचा एक धागा आपल्या ओळखीच्या कथेपर्यंत येतो, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. त्या कथेतला एक टप्पा आपण मात्र नेहमी घाईने ओलांडतो. सिद्धार्थाने सहा वर्षे उग्र तपश्चर्या केली, शरीर हाडांचा सापळा केले, आणि त्यातून ज्ञान मिळाले नाही. देह झिजविणे म्हणजे मार्ग नव्हे, हे उमगल्यावर त्याने सुजाताने दिलेली खीर स्वीकारली. ‘हा शिथिल झाला,’ असे म्हणून पाच सहकाऱ्यांनी त्याची साथ सोडली. पुढे सारनाथला मध्यम मार्गाचा पहिला उपदेश झाला तो त्याच पाच जणांना. गरम पाण्याच्या प्रस्तावावर आमच्या बैठकीत ज्या माना डोलल्या, त्या पाहताना आम्हांला त्या पाच जणांची आठवण झाली होती.

आपल्या समाजाला तर याहून जवळचे उदाहरण आहे. साताऱ्याच्या शाळेत ज्यांना वेगळे बसावे लागले आणि शिपायाने वरून पाणी ओतल्याशिवाय ज्यांची तहान भागत नसे, त्या बाबासाहेबांनी ‘मी सोसले, तुम्हीही सोसा’ असे म्हटले नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. आपल्या वाट्याला आलेले दुःख पुढच्याच्या वाट्याला येऊ नये, म्हणून छप्पर उभारणे, हा त्या सोसण्याचा अर्थ त्यांनी लावला. आपण सारे अशाच एका छपराखाली वाढलो आहोत.

आणि आता ती गोष्ट, जी त्या बैठकीत बोलावयास हवी होती. हालअपेष्टांनी आपल्याला घडविले, असे म्हणणारे आपण व्यासपीठावर असतो. ज्यांना हालअपेष्टांनी मोडले, ते या स्मरणिकेच्या पानांवर नसतात. आमच्या तुकडीतला एक मुलगा आमच्या सर्वांहून गणितात हुशार होता. नववीच्या दिवाळीच्या सुटीत वडील वारले म्हणून तो घरी गेला आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघून गेला. आम्ही काही दिवस त्याचे ताट मोकळे ठेवले. मग त्या जागेवर दुसरा मुलगा बसू लागला. आमच्यापेक्षा त्याने कमी सोसले होते काय? आणखी एक मुलगा असाच सुटीनंतर परतला नव्हता. त्याला मात्र आमचे गृहपाल पहाटेच्या एस. टी.ने जाऊन, पुढे चार कोस पायी चालत, गावातून घेऊन आले. तो आज स्वतः शिक्षक आहे. दोघांवर आलेली आपत्ती सारखीच होती. एकाच्या दारात कोणीतरी जाऊन उभे राहिले, दुसऱ्याच्या दारात कोणी पोहोचू शकले नाही. एवढाच फरक होता.

यावर कोणी विचारील, की मग मुलांना कष्ट द्यावयाचेच नाहीत काय? आम्ही तसे म्हणत नाही. योडाची शिस्तही कठोरच होती. पहाटे उठणे, आपले ताट आपण घासणे, खोली झाडणे, आळीपाळीने पंगतीत वाढणे, हे सारे राहिलेच पाहिजे. आम्ही त्याचे ऋणी आहोत. परंतु सराव आणि हेळसांड यांत भेद आहे. सरावाला हेतू असतो, माप असते, आणि चुकलेल्याला सावरणारे कोणी जवळ असते. गळके छत, कोरडा नळ, अंधारी अभ्यासिका यांना ना हेतू, ना माप. त्यांतून तरून जाणारा मुलगा तरून जातो तो त्यांच्यामुळे नव्हे, त्यांना न जुमानता. टाकीच्या घावाने मूर्ती घडते हे खरे; पण ती टाकी जाणत्या हातात असावी लागते. एरवी घाव घालून दगडाची खडीच होते.

म्हणून माजी विद्यार्थी बंधुभगिनींना आमची विनंती आहे. आपण सोसलेले मुलांना अवश्य सांगावे. परंतु ते बक्षीस मागण्यासाठी किंवा त्यांना लाजविण्यासाठी नव्हे, तर वाट दाखविण्यासाठी. आपल्या चुका आणि आपले नापास झालेले पेपरही त्यांना सांगावेत. ज्याला अपयश आले आहे, त्या मुलाला आपल्या पदव्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल. पालकांनाही एक विनंती: निकाल वाईट लागलेल्या दिवशी मुलाशेजारी खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहावे. काही बोलले नाही तरी चालेल.

आणि आज त्या सभागृहात सतरंजीवर बसणाऱ्या मुलामुलींनो, संकटे तुमच्या वाट्याला येतील. आम्ही गरम पाण्याची सोय केली म्हणून ती थांबणार नाहीत. ती आली म्हणजे तुम्ही आपोआप मोठे व्हाल, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही. तेव्हा शेजारच्याला हाक मारा, सरांना सांगा, चुकला असाल तर परत या. एवढे लक्षात ठेवलेत तरी पुरे.

राहता राहिला बैठकीतला प्रश्न. पुढच्या बैठकीत आम्ही गरम पाण्याच्या बंबासाठी आणि अभ्यासिकेतील दिव्यांसाठी हात वर करणार आहोत. त्याखेरीज आणखी एक प्रस्ताव मांडणार आहोत: सुटीनंतर जो विद्यार्थी परत येणार नाही, त्याच्या घरी आठ दिवसांच्या आत आपल्यापैकी कोणीतरी जाऊन यावे, आणि त्या प्रवासखर्चासाठी एक लहानसा निधी असावा. आमच्या तुकडीतल्या त्या गणितात हुशार मुलाच्या दारात तेव्हा कोणी गेले नाही. निदान यापुढे तसे होऊ नये.